ठरलेला शनिवार

प्रशिक्षणाला निघताना मी पिशवीत स्टीलचा एक डबा आणि मूठभर चिंचोके टाकते. मुलं जोडीजोडीने बसतात. एकाने दहावीतला पोरगा व्हायचं, दुसऱ्याने त्याच्याशी बोलायचं. बोलणाऱ्याच्या तोंडून ‘पाहिजे’ निघालं की डब्यात एक चिंचोका. रोज अभ्यास केला पाहिजे, टण्ण. आईबापाचं ऐकलं पाहिजे, टण्ण. मोबाइल कमी पाहिला पाहिजे, टण्ण. पहिल्या दिवशी सात मिनिटांत डब्याचा तळ झाकतो आणि खिदळत कोणीतरी विचारतं, “ताई, ‘पाहिजे’ नाही म्हणायचं, तर मग बोलायचं काय जी?”

हा प्रश्न कोणी विचारेपर्यंत मी शिकवायला सुरुवात करत नाही.

कागदावर आम्ही ‘मेंटॉर’ लिहितो, कारण पैसे देणाऱ्यांना तो शब्द कळतो. आपसात म्हणतो ‘सोबती’. गावात यातलं काहीच चालत नाही, तिथे तो नुसता दादा असतो किंवा ती ताई. बारावी झालेली, कॉलेजात नाव घातलेली, पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर धावणारी ही वीस-बावीस वर्षांची मुलंमुली. प्रत्येकाकडे आठवी ते बारावीतली चार-पाच पोरं. महिन्यातून दोन शनिवार भेटायचं. शिकवणी घ्यायची नाही, भाषण करायचं नाही. घरातलं नसलेलं एक थोरलं भावंड व्हायचं. गडचिरोलीतलं कुरखेडा, धानोरा आणि वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपुरातलं सिंदेवाही, मूल या पट्ट्यात चौदा वर्षं मी हेच करते आहे, आणि यातलं बरंचसं चुकून शिकले आहे.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच वर्षी केली. तेव्हा सोबती कमी होते, म्हणून मीही चार मुली घेतल्या होत्या. त्यातल्या एकीचा दहावीचा निकाल लागला. अकरावी आश्रमशाळेत करायची की तालुक्याला मामाकडे राहून, यावर घरात ओढाताण चालली होती. “पुढच्या शनिवारी येते, बाबांशी बोलू,” असं मी तिला म्हणाले. त्या शनिवारी नागपुरात बैठक निघाली. पुढच्याला पाऊस. तिसऱ्याला गेले, तेव्हा ती बांधीत रोवणी करत होती, पोटरीपर्यंत चिखलात. प्रवेशाची तारीख निघून गेली होती. रागाचा एक शब्द नाही. हातातली रोपांची जुडी दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं, “ताई, आता पुन्हा येनार का जी?”

या मुलखात हा प्रश्न जुना आहे. इथे येणाऱ्यांची कधी कमी नव्हती. बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या माळावर आले आणि आनंदवन उभं राहिलं. 1973 मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले. 1986 मध्ये अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, कारण ही माणसं राहिली. आठ दिवस येऊन, फोटो काढून, पोरांच्या डोक्यावर हात फिरवून, “खूप शिका हं” म्हणून गेलेल्यांची नावं कोणालाच आठवत नाहीत. पोरांना मात्र ती आठवतात. एका आश्रमशाळेत एका मुलाने मला अशा पाहुण्यांची यादी तोंडपाठ म्हणून दाखवली होती, कोणी काय आणून देतो म्हणाला होता त्या वस्तूसकट.

बऱ्याच वर्षांनी या अनुभवाला एक आकडेवारी भेटली. अमेरिकेत मोठ्या माणसांची लहानांशी जोडी लावून देण्याचं काम 1904 पासून चालू आहे, सुरुवातीला ‘बिग ब्रदर्स’ या नावाने. 1995 मध्ये त्याचा एक गाजलेला अभ्यास निघाला. 10 ते 16 वयाची 959 मुलं, दीड वर्षाचा पाठपुरावा. सोबती मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थ सुरू करण्याची शक्यता 46 टक्क्यांनी कमी निघाली. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक सादरीकरणात हा आकडा असतो. त्याच माहितीवरून ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींनी 2002 मध्ये जे मांडलं, ते मात्र सहसा कोणी दाखवत नाही. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला होता, आणि जी सोबत तीन महिन्यांच्या आत तुटली, त्या मुलांची स्वतःच्या नजरेतली किंमत आधीपेक्षा घसरली होती. म्हणजे सोबती मिळून न टिकणं हे मुळात न मिळण्यापेक्षा वाईट. ते वाचलं त्या दिवशी मला बांधीतली ती मुलगी दिसत राहिली.

म्हणून निवडीसाठी मी आता मुलाखत घेत नाही. तीन रविवार सकाळी आठला ठरलेल्या जागी या, एवढंच सांगते. पहिल्या रविवारी अंगण भरतं, तिसऱ्याला एका सतरंजीवर मावतील एवढे उरतात. छान बोलणारा बहुधा दुसऱ्या रविवारीच गळतो. एका वर्षी एक सायकल दुरुस्त करणारा मुलगा आला होता. तीन रविवारांत मिळून तो दहा वाक्यं बोलला असेल. माझ्या सहकाऱ्यांना तो नको होता. मी हट्टाने घेतला. त्याची पोरं शनिवारी त्याच्या दुकानात बसायची. एक पाना द्यायचा, एक ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा शोधायचा, आणि त्या बुडबुड्याकडे बघता बघता वडिलांच्या दारूपासून गणितातल्या नापाशीपर्यंत सगळं निघायचं. समोरासमोर खुर्च्या मांडून डोळ्यांत डोळे घालून बोलावं, असं पुस्तकं सांगतात. इकडचा मुलगा डोळ्यांत बघून काही सांगत नाही. चालताना, मोटरसायकलच्या मागे बसून किंवा हात कामात असताना सांगतो. मुलींचं बोलणं बोरिंगवर हंडा भरेपर्यंतच्या वेळात होतं. त्या वेळात हंड्याकडेच बघायचं असतं, हेही शिकवावं लागतं.

ऐकण्याची शिस्त मी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडून घेतली. देवाजी तोफांचं हे गाव देशाला माहीत झालं ते 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तेव्हा. मला मोलाची वाटते ती त्याआधीची कितीतरी वर्षांची खटपट. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्र गावाच्या अभ्यास गटात बसत, माहिती देत, वाद घालत. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. तिथे बाहेरच्याला मत नाही. हेच मी सोबत्यांना सांगते. तू मुलाच्या अभ्यास गटात आहेस, त्याच्या ग्रामसभेत नाहीस. कला शाखा घ्यायची की आयटीआय, हे त्याच्या घरात ठरेल. तू आयटीआयचा फॉर्म कुठे मिळतो, बस किती वाजता सुटते आणि वसतिगृहात जेवण कसं असतं ते शोधून आण.

माडिया गोंडांच्या युवागृहाचं, ‘गोटूल’चं, नाव काढलं की बाहेरच्या लोकांचे डोळे भलत्याच कारणाने चमकतात, म्हणून मी ते जपून काढते. त्यातली एकच गोष्ट मला उचलावीशी वाटते. थोरली पोरं धाकट्यांना वळण लावतात आणि म्हातारे त्यात सारखं नाक खुपसत नाहीत. सोबत्याचं आणि मुलाचं वय पाच-सात वर्षांच्या अंतराचं असावं हा आमचा नियम तिथूनच आला. मी आता पन्नाशीची आहे, म्हणून मुली घेत नाही.

वेळापत्रकाची चूकही सांगून टाकते. पहिल्या वर्षी ते आम्ही शाळेच्या कॅलेंडरवरून आखलं होतं. जंगलाचं कॅलेंडर वेगळं आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुलं, मेमध्ये तेंदू, जुलैत रोवणी. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडशाच्या मंडळ्या गावोगाव फिरतात आणि रात्रभर नाटक पाहिलेला पोरगा शनिवारी दुपारपर्यंत उठत नाही. जानेवारीपासून कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, पोरांसकट. आता आम्ही मेमधली भेट रद्द करत नाही, सोबती तेंदूपुडे बांधायला बसतो. सत्तर पानांचा पुडा मोजताना मध्येच बोलणं निघालं तर मोजणी चुकते, पुन्हा पहिल्यापासून. चुकू द्यावी. मिरचीला गेलेल्या मुलाला दर दुसऱ्या शनिवारी फोन जातो. लागला नाही तरी लावायचा, कारण ‘मिस्ड कॉल आला होता’ हेही त्याच्या हिशेबात धरलं जातं.

खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या त्या पुडीचं, काय करायचं, हे मला अजून नीट सुटलेलं नाही. गालात खर्रा धरून सोबती दहावीच्या मुलाला व्यसनमुक्ती सांगतो, हे दृश्य मी पाहिलं आहे. खर्रा खाणारे वगळायचे म्हटलं तर मुलांमधले निम्मे जातात, आणि त्यातच काही फार चांगले असतात. आमच्याकडे गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. इतकं पाहिलेली पोरं पोस्टरवर विश्वास ठेवत नाहीत. शेवटी दोनच अटी ठेवल्या आहेत. भेटीच्या वेळी पुडी खिशाबाहेर काढायची नाही आणि मुलाने विचारलं तर खोटं बोलायचं नाही. ही तडजोड आहे.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. “कोणाला सांगू नका, मग सांगतो,” असं मुलाने म्हटलं की सोबत्याला मोठं झाल्यासारखं वाटतं आणि तो लगेच शब्द देऊन बसतो. तो शब्द द्यायचा नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी वीस वर्षांच्या पोराने हे ओझं एकट्याने वाहू नये. म्हणून एक वाक्य आम्ही तोंडपाठ करून घेतो: “तू सांग, मी ऐकते. तुला धोका असेल तर मला ते पुढे सांगावं लागेल, पण आधी तुला सांगेन, मगच.” हे वाक्य मुली मराठीत म्हणतात, मग झाडीबोलीत, मग ज्यांना येतं त्या माडियात. माडियात ते सगळ्यात छोटं होतं.

आणि सोबत्याचा सोबती कोण? शिबिरं या मातीत चांगली रुजली आहेत. बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पातली श्रमसंस्कार छावणी 1967 पासून भरते. ‘सर्च’च्या शोधग्रामात 2006 पासून ‘निर्माण’मध्ये तरुण स्वतःच्या आयुष्याचा अर्थ शोधायला येतात. शिबिरातून पोरं उजळून येतात यात वाद नाही. अवघड असतो तो शिबिरानंतरचा मंगळवार. तिथे मला ‘सर्च’च्या आरोग्यदूतांचं काम जास्त शिकवून गेलं. गडचिरोलीतल्या 39 गावांत, फार न शिकलेल्या बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळं सांभाळली. नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं आणि 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्या बायकांना एकदा शिकवून सोडून दिलं नव्हतं. काम चालू असतानाच शिकवणं आणि देखरेख चालू होती. आम्हीही आता पाच दिवसांचं प्रशिक्षण दोन दिवसांवर आणलं आणि उरलेले दिवस वर्षभर पसरले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे सोबती जमतात. “माझी पोरगी दोन वेळा आली नाही,” असं एकजण सांगतो. कोणीही उपाय सांगायचा नाही. डबा आणि चिंचोके तिथेही असतात, आणि त्या दिवशी ते माझ्यासाठी असतात.

यंदाच्या गटात 23 जण आहेत. तेंदू संपेपर्यंत त्यातले पाचेक गळतील. कोणते, ते अजून कळत नाही, म्हणून सध्या मी प्रत्येकाच्या पहिल्या शनिवारी बरोबर जाते आहे.