रिकामा राहिलेला किताब

महाराष्ट्र केसरीच्या मानकऱ्यांची यादी 1961 साली सांगलीच्या दिनकर दह्यारींपासून सुरू होते. पुढच्या वर्षी भगवान मोरे. तिसऱ्या ओळीत, 1963 समोर, गाव सातारा आणि मल्लाच्या नावाच्या जागी ‘अनिर्णित’. यादी चाळणारे ती ओळ कुणाची तरी नोंद राहून गेली असावी, असे समजून पुढे सरकतात. मला मात्र सगळ्या यादीत तीच ओळ सर्वांत प्रामाणिक वाटते. निकाल लागला नाही तर किताब कुणाचाच नाही, असे म्हणायची धमक तेव्हा स्पर्धेत होती.

नेमके उलटे चित्र आपण टीव्हीवर पाहिले. जुलै 2007 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्ल्ड हेवीवेट विजेता एज दुखापतीमुळे बाजूला झाला, किताब रिकामा पडला आणि तो भरण्यासाठी 20 पैलवान एकदम रिंगणात सोडले गेले. दोरावरून बाहेर गेला तो बाद. शेवटी उरला आपला खली. हे सगळे आधी ठरलेले असते, हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्या नाटकाची गरज समजून घ्यावी. खेळ दर आठवड्याला विकायचा, तर पट्टा कुणाच्या तरी कमरेला हवाच. महाराष्ट्र केसरीचे तसे नाही. इथे किताब दरवर्षी आपोआपच रिकामा होतो. गेल्या वर्षीचा केसरी घरी बसून आव्हानवीराची वाट पाहत नाही, त्यालाही पुन्हा माती किंवा गादी विभागातूनच वर यावे लागते. भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी 2007 मध्ये मिळवलेला मान 2008 मध्ये सांगलीत नव्याने कमावला. रिकामेपण हा इथे अपघात नसून नियम आहे. मग एखाद्या वर्षी ते टिकले, तर बिघडले काय?

बरेच बिघडते, असे कुस्तीशौकीन म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे सहज उडवून लावता येणार नाही. फक्त चितपटीवर निकाल लागणाऱ्या निकाली कुस्तीच्या जमान्यात दोन तगडे मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसते रेटत राहायचे, शेवटी कुस्ती बरोबरीत सुटायची, आणि त्या बरोबरीच्या आडोशाला नुरा, म्हणजे आधीच ठरवून केलेली, कुस्तीही खपून जायची. गुणांनी तो आळस मोडला. 59 वर्षांनी स्पर्धा साताऱ्यात परतली, तेव्हा 2022 मध्ये पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला 5-4 असे हरवले. एका गुणाची ही कुस्ती जुन्या रिवाजाने कदाचित सुटलीच नसती. दुसरा आक्षेप पोटाचा आहे. तालमीचा खर्च, दूध, तूप, बदाम यांत बापाची शेती गहाण पडते. त्या पोराला ‘अनिर्णित’ या शब्दाचे काय कौतुक? किताबावर नोकरी मिळते, मैदानातला भाव ठरतो.

हे मान्य करूनही माझा मुद्दा उरतो. गुण हवेत, वेळेचे बंधन हवे. पण दरवर्षी केसरी निघालाच पाहिजे, या हट्टाने किताबाची किंमत वाढलेली नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये दोन संघटनांनी दोन स्पर्धा भरवल्या. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवले, आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरा ‘महाराष्ट्र केसरी’ मिळवला. यात मल्लांचा दोष नाही. दोघांनीही घाम गाळला होता. 2025 मध्ये अहिल्यानगरला तर पाठ टेकली की नाही, यावरून प्रकरण पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेले आणि अंतिम कुस्तीत एक मल्ल वेळ संपण्याआधीच निघून गेला. म्हणजे वाद फक्त गुणांमुळे होतात, असेही नाही. चितपटीचाही वाद होतो. अशा वेळी संशयास्पद निकाल राखून ठेवायचा, गरज पडली तर ते वर्ष कोरे सोडायचे, हा पर्याय कुणाच्या तोंडीही येत नाही. पोटाचा प्रश्न तर दोन केसऱ्यांनी अधिकच अवघड होतो. कुंडलच्या किंवा पुसेगावच्या मैदानात एक नंबरची कुस्ती ठरवायला बसलेल्या पंचमंडळींना आधी विचारावे लागते: यातला कुठला केसरी? आणि तो प्रश्न निघाला की मानधनाची घासाघीस सुरू होते.