पित्त, डोकं आणि भूक

इंग्रजीत चिडक्या माणसासाठी ढीगभर शब्द आहेत आणि त्यातले बरेच जुने शब्द थेट शरीरातून आलेत. 'कॉलरिक'च्या मुळाशी ग्रीक 'खोले' आहे, म्हणजे पित्त. 'स्प्लेनेटिक' प्लीहेवरून आला. 'टेस्टी' (चवदार नव्हे, चिडका) हा जुन्या फ्रेंचमधल्या डोक्यासाठीच्या शब्दावरून. आपलंही पित्त खवळतं, डोकं फिरतंच की! २०१८ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत 'हँग्री' आला: भुकेने चिडलेला.

पित्ताचं ते जुनं वैद्यक आधुनिक वैद्यकशास्त्र आता मानत नाही. पण 'कॉलरिक' काय किंवा 'हँग्री' काय, हे शब्द रागाचं कारण सोबत घेऊन येतात. 'तिरसट', 'खडूस' कारण विचारत नाहीत, सरळ शिक्का मारतात.

माझे बाबा वर्षानुवर्षं रात्रपाळी करायचे. दिवसा झोपमोड झाली की खेकसायचे. नातेवाइकांत ते 'तिरसट' ठरले. निवृत्तीनंतर झोप पुरी व्हायला लागली, बाबा निवळले. शिक्का मात्र अजून तसाच आहे.

'झोप न झाल्याने चिडलेला' यासाठी मराठीत एखादा सुटसुटीत शब्द असता, तर भरदुपारी बेल वाजवणाऱ्यांना आईने तो सांगितला असता.