कुत्र्यामांजरांसह वेरूळ-दौलताबाद

पूर्वीं प्रवासास निघावयाचें म्हणजे मांजर शेजारच्या काकूंच्या हवालीं होई आणि कुत्रें वाड्याच्या दारांत राही. त्यांच्या दूधभाकरीची व्यवस्था लावून दिली कीं घरधनी निश्चिंत मनानें गाडींत बसत. आतां हवालीं करण्याजोगा शेजार सर्वांनाच लाभतो असें नाहीं. आणि ज्यांना लाभतो त्यांच्या मुलांना तरी कुत्र्यावांचून घांस कोठें गोड लागतो! सुटीच्या दिवशीं छत्रपती संभाजीनगराहून (२०२३ पर्यंतचें औरंगाबाद) वेरूळाकडे जाणाऱ्या मोटारींच्या रांगेंत एखाद्या खिडकींतून जीभ लोंबवीत सृष्टिसौंदर्य न्याहाळणारें मुखकमल हटकून दिसतें. या हौसेस माझी हरकत नाहीं. परंतु हौस करणारांपैकीं पुष्कळांस स्थळांचे नियम ठाऊक नसतात, आणि त्या अज्ञानाची किंमत बहुधा मुक्या प्राण्यास द्यावी लागते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्राचीन स्मारकांसंबंधीं केंद्र सरकारनें १९५९ सालीं जे नियम केले, त्यांतील आठव्या नियमान्वयें संरक्षित स्मारकांत, त्याच्या देखभालीचें कारण सोडून, कोणताहि प्राणी नेण्यास मनाई आहे. वेरूळचीं चौतीस लेणीं, अजिंठा, देवगिरीचा किल्ला, बिबीका मकबरा, शहराजवळच्या डोंगरांतील लेणीं, हीं सर्व या नियमांत येतात. म्हणजे ज्यासाठीं परगांवचा मनुष्य या जिल्ह्यांत पाऊल ठेवतो तें जवळ जवळ सर्वच आलें. कुत्रें लहान आहे, पिशवींत आहे, कोणास चावत नाहीं, या सबबी दारावरच्या पहारेकऱ्यानें हजार वेळां ऐकलेल्या असतात. आंत वानरें मात्र तिकिटावांचून खुशाल हिंडतात, हा विसंवाद कोणाच्याहि ध्यानीं येईल; पण तीं तेथलीं रहिवासी आहेत, त्यांस दोरी बांधून कोणी आणलेलें नाहीं. वानर आणि कुत्रें यांची लेण्यांच्या अरुंद पायऱ्यांवर जुंपली तर मधल्या माणसांनीं जावें कोठें? अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत हत्ती, हंस व वानर यांच्या रूपानें बोधिसत्त्व भिंतीवर विराजमान आहेत. पंधराशे वर्षांचे ते रंग मातीच्या गिलाव्यावर कसेबसे तगून आहेत. तेथें सजीव जनावर नको, हें मला तरी पटतें.

नियम बहुतेकांस दाराशीं गेल्यावर कळतो, आणि मग जें घडतें तें पाहून मन व्यथित होतें. मंडळी आपसांत कुजबुजतात, मोटार झाडाखालीं लावतात, कांच चार बोटें खालीं करितात, वाटींत पाणी ठेवतात आणि "अर्ध्या तासांत येतों" म्हणून निघून जातात. कैलास अर्ध्या तासांत कधीं कोणाचा पाहून झाला आहे? राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळीं, आठव्या शतकांत, एका अखंड कातळांतून कळसाकडून पायाकडे कोरीत आणलेलें तें देवालय. नुसत्या प्रदक्षिणेसच तेवढा वेळ लागतो. इकडे उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारींतील उष्णतामान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारें दहा अंशांनीं चढतें. कांच थोडी उघडी ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं, आणि झाडाची सावली तर सूर्याबरोबर चालती होते. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगीं घाम येत नाहीं. धापा टाकून, जिभेवाटे वाफ सोडून तें आपलें अंग निववितें. भोंवतालची हवाच तापली कीं हा उपाय खुंटतो. मराठवाड्यांत वैशाखाचा पारा चाळिसांच्या पलीकडे जातो. पगसारखीं बसक्या नाकाचीं कुत्रीं, जीं हल्लीं शहरांतून मोठ्या आवडीनें पाळतात, तीं अशा वेळीं सर्वांत आधीं बळी पडतात.

आमच्या घरीं यावर एक पद्धत पडली आहे. गेल्या मार्गशीर्षांत मुलें, सुना, नातवंडें मिळून आम्ही अकरा माणसें व मोती नांवाचा आमचा गांवठी कुत्रा वेरूळास गेलों. एकानें बाहेर थांबावयाचें, हें घरींच ठरलें होतें. अशा पाळ्यांत धाकट्या सुनेची पाळी वारंवार येते, हा एकत्र कुटुंबाचा जुना अनुभव. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. पहिली निघाली माझी. थोरला म्हणाला, "अण्णा, तुम्ही आंत जा, मी थांबतों." पण चिठ्ठी ती चिठ्ठी. दीड तास मी झाडाखालीं सतरंजीवर होतों. मोती दाराकडे तोंड करून निश्चल बसला होता. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाकडे मान वर करी, आपलें माणूस नाहीं असें दिसतांच पुन्हा खालीं घाली.

महाभारताची कथा जवळ जवळ कुत्र्यापासून सुरू होते आणि कुत्र्यापाशींच संपत येते. आरंभीं सरमेच्या पोरास जनमेजयाचे भाऊ यज्ञमंडपांतून मारून हांकलतात. त्यानें हवि चाटलेला नसतो, त्याकडे पाहिलेलेंहि नसतें. शेवटीं, महाप्रस्थानिक पर्वांत, धर्मराज श्वानावांचून इंद्राच्या रथांत बसण्याचें नाकारतो. त्यानें देवराजाशीं वाद घातला, पण कुत्र्यास रथाच्या चाकाला बांधून "आलोंच" असें कांहीं तो म्हणाला नाहीं.

दौलताबादेच्या किल्ल्यांत तर ही गोष्ट विशेष आठवते. येथले अधिकारी जनार्दनस्वामी हे पैठणच्या नाथमहाराजांचे गुरु. दत्तात्रेय मलंगाच्या वेषानें, बरोबर कुत्री घेऊन, त्यांच्यापुढें प्रकट झाल्याची कथा संतचरित्रांत आहे. आज तो मलंग आला असता तर त्यासहि तिकीटघराशींच थांबावें लागलें असतें!

अजिंठ्यास पाळीची युक्ति चालत नाहीं. खासगी मोटारी फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतात व पुढचे सुमारें चार किलोमीटर बसनें जावें लागतें. कुत्रें बरोबर असतां अजिंठा त्या खेपेस सोडावा. कन्नडच्या बाजूचें गौताळा अभयारण्यहि सोडावें. कुत्र्यांचे रोग वन्य पशूंस जडतात, आणि बिबट्यास कुत्रें हें आवडतें भक्ष्य आहे. अमेरिकन ग्रंथकार जॉन स्टाइनबेक १९६० सालीं चार्ली नांवाचा कुत्रा घेऊन देशभर हिंडला. यलोस्टोनच्या उद्यानांत अस्वलें दिसतांच चार्ली असा कांहीं खवळला कीं स्टाइनबेकनें मुकाट्यानें गाडी परत फिरविली.

मांजराविषयीं माझें मत स्पष्ट आहे: त्यास घरींच ठेवावें. कुत्रें माणसाचें असतें, मांजर घराचें. षष्ठीदेवीचें तें वाहन खरें, पण स्वतः वाहनांत बसणें त्यास मुळींच रुचत नाहीं. बदलीमुळें न्यावेंच लागलें तर झांकणाची हवेशीर टोपली घ्यावी, वर पातळ कापड टाकावें, आणि वाटेंत कितीहि आक्रोश झाला तरी ती उघडूं नये. अनोळखी जागीं निसटलेलें मांजर हांकेला ओ देत नाहीं.

आगगाडीनें येणारांनीं लक्षांत ठेवावें कीं शयनयानांत किंवा वातानुकूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्गांत कुत्रें नेतां येत नाहीं. पहिल्या वर्गाची खोली संपूर्ण आपल्या नांवें असेल तर जवळ ठेवतां येतें. एरव्हीं गार्डाच्या डब्यांतील पेटी. त्या पेटींतील एकान्तवास मी कोणाच्या कुत्र्यास सुचविणार नाहीं. पिसाळरोगाची लस व तिचा दाखला निघण्यापूर्वीं हवाच. कारण यात्रास्थळीं भटक्या कुत्र्यांशीं गांठ पडल्यावांचून राहत नाहीं.

मग न्यावें तरी कोठें? खुलताबादेच्या पुढें म्हैसमाळचें पठार आहे. उंची सुमारें हजार मीटर. तेथें मोतीस प्रथमच मोकळें सोडलें. वेरूळाच्या दारांत दीड तास धरलेला दम त्यानें पहिल्या पांच मिनिटांत घालविला, आणि नातवंडें त्याच्यामागें धांवून धांवून थकलीं. श्रावणांत तें पठार हिरवेंगार असतें, तेव्हां कुत्र्यास घेऊन जाण्यासारखें स्थळ या बाजूस दुसरें मला ठाऊक नाहीं. मात्र पावसाळ्यांत गेल्यास परततांना त्याचे कान व बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्या; गुरें चरलेल्या गवतांत गोचीड असतेच.