रिले वाजलाच नाही

आमचं घर सिल्वासात, आमलीला. बाबा नव्वदच्या दशकात धुळ्याहून इथे आले. करसवलतीमुळे तेव्हा दादरा नगर हवेलीत धाग्याचे, प्लास्टिकचे कारखाने भराभर उभे राहत होते आणि आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियनला हमखास काम मिळायचं. मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकले आणि गेल्या वर्षी इथल्याच एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले.

माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे चाचणीचा ओव्हन. त्याचं तापमान डेटा ॲक्विझिशन कार्डातून संगणकावर नोंदवायचं आणि ते 180 अंशांच्या वर गेलं की कार्डाच्या डिजिटल आउटपुटने रिले ओढून हीटर बंद करायचा. प्रोग्राम झकास चालला. पडद्यावरचा दिवा लाल झाला. पण रिलेचा 'टिक्' काही आला नाही.

मीटर लावला. रिले काढला की आउटपुटवर नीट 5 व्होल्ट. जोडला की जेमतेम अर्धा व्होल्ट. पुन्हा पुन्हा जोडून-काढून पाहिलं, तर ती लाइन कायमचीच गेली. कोणाला न सांगता शेजारची लाइन वापरावी, असं मनात येऊन गेलं, हे कबूल करते.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. त्यांना संगणकातलं फारसं कळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कॉइल किती करंट खाते आणि तुझं कार्ड किती देतं?"

कॉइल 70 ओहमची. 5 व्होल्टला 70 ने भागा, म्हणजे सुमारे 71 मिलिअँपिअर. कार्डाची एक लाइन देते फार तर 8. मी व्होल्ट जुळवले होते, करंट बघितलाच नव्हता.

"अगं, चिठ्ठी पोचवणाऱ्या पोराला तू गोणी उचलायला लावलीस," बाबा हसले.

उपाय स्वस्त निघाला. यूएलएन 2003 नावाची चिप मध्ये टाकायची. कार्डाकडून ती दीडेक मिलिअँपिअर घेते आणि तेवढ्यावर पॅनलच्या 24 व्होल्ट सप्लायमधून 24 व्होल्ट कॉइलचा रिले चालवते. कार्डाचा आणि त्या सप्लायचा ग्राउंड मात्र एक करायचा. शिवाय कॉइल बंद होताना उलट्या दिशेने व्होल्टेजचा जोरदार झटका मारते; तो जिरवणारे डायोड चिपमध्येच असतात. त्यासाठी तिची 9 नंबरची पिन 24 व्होल्टला जोडायची, हे विसरायचं नाही. गंमत म्हणजे 1835 च्या सुमारास रिले बनवणाऱ्या जोसेफ हेन्रीनेच कॉइलच्या या स्वभावाचाही अभ्यास केला होता. इंडक्टन्सचं एकक आजही त्याच्याच नावाने आहे.

मी खुशीत वही मिटली, तर बाबांचा दुसरा प्रश्न आला. "आणि ही वायर रात्री उंदराने कुरतडली तर?"

मी गप्प. माझ्या जोडणीत हीटर बंद करायला रिले ओढावा लागत होता. वायर तुटली, संगणक अडकला किंवा सप्लाय गेला, तर हीटर तापतच राहणार. बाबांच्या उजव्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण आहे. लहानपणापासून बघत आले, पण कशाची ते त्या रात्री पहिल्यांदा कळलं. बंद न झालेल्या हीटरची.

आम्ही जोडणी उलटी केली. रिले ओढलेला असेल तरच कॉन्टॅक्टर लागेल आणि हीटर चालेल. काहीही बिघडलं की रिले सुटेल, हीटर बंद. शिवाय संगणकावर अवलंबून नसलेला एक वेगळा थर्मोस्टॅट त्याच सर्किटमध्ये घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना जाऊन सांगितलं, कार्डाची एक लाइन माझ्या चुकीने गेली. ते थोडे चिडले, मग नवीन आकृती बघून म्हणाले, "हे कोणी सुचवलं?" मी म्हटलं, "बाबांनी."

आता रोज ओव्हन सुरू करताना आधी एक वायर मुद्दाम काढून बघते. 'टिक्' होऊन हीटर सुटला, की मगच चाचणी लावते. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत असे निवृत्त इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन आहेत. तुमचा प्रोजेक्ट अडला तर आधी त्यांना विचारा. आणि अडला नसेल, तरीही एकदा दाखवाच.