अब्बांची वही आणि आल्कोचे इंजिन

मागच्या महिन्यात सातवीच्या वर्गात वाहतुकीच्या साधनांचा पाठ चालला होता. बैलगाडी, वाफेचे इंजिन, डिझेल, वीज अशी क्रमवारी आम्ही फळ्यावर लिहीत होतो. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, नवी मशीन आली की जुन्या माणसाची नोकरी जाते. मग शिकायचे कशाला?" त्याचे वडील पॉवरलूमवर काम करतात. घरात काय बोलणे चालले असेल याची आम्हाला कल्पना होती. तास संपत आला होता, म्हणून "उद्या बोलू" असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. पण तो प्रश्न घरापर्यंत आमच्यासोबत आला.

रात्री इशाच्या नमाजनंतर कपाटातून मरहूम अब्बांची वही काढली. अब्बा रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. ट्रेनिंगच्या काळात त्यांनी लिहिलेली ही वही. मजकूर उर्दूत आणि यंत्रांची इंग्रजी नावेही उर्दू अक्षरांत : टर्बो, गव्हर्नर, क्रँकशाफ्ट. पहिल्याच पानावर लिहिले आहे, 'आल्को, स्केनेक्टडी, अमेरिका'. उर्दूत जेर-जबर सहसा लिहीत नाहीत, म्हणून आम्ही भावंडे तो शब्द प्रत्येक वेळी वेगळा वाचायचो. लहानपणी आम्हाला तो इंजिनाचा एखादा भाग वाटे. ते न्यूयॉर्क राज्यातले एक गाव आहे आणि अब्बा ज्या इंजिनांची मरम्मत करत, त्यांचे मूळ तिथे आहे, हे फार उशिरा कळले.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर त्या गावापासूनच सुरुवात करावी लागेल.

अमेरिकेत डिझेल इंजिन आले ते आधी धुराच्या त्रासामुळे. १९०२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये पार्क ॲव्हेन्यूच्या बोगद्यात धूर आणि वाफ इतकी कोंडली होती, की सिग्नल न दिसल्याने एक गाडी दुसरीवर आदळली आणि किमान १५ माणसे दगावली. पुढे १९२३ मध्ये शहरात वाफेच्या इंजिनांना मनाई करणारा कायदा झाला. १९२५ मध्ये सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी या कंपनीने १००० क्रमांकाचे एक छोटे डिझेल इंजिन घेतले. वजन ६० टन, ताकद अवघी ३०० अश्वशक्ती. सांगाडा आल्कोचा, विजेची यंत्रणा जनरल इलेक्ट्रिकची आणि इंजिन इंगरसोल-रँडचे. मालधक्क्यावर डबे पुढे-मागे करण्याचे काम त्याने तीस वर्षांहून अधिक केले. आज ते बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात उभे आहे.

डिझेलच्या गाडीत इंजिन थेट चाक फिरवत नाही. ते जनरेटर फिरवते आणि त्यातून निघालेली वीज आसांना जोडलेल्या मोटारी चालवते. अब्बांच्या वहीत याचे चित्र आहे. एक चौकोन, त्यातून निघालेल्या तारा आणि खाली सहा गोल. म्हणजे डिझेलची गाडी ही खरे तर स्वतःचे वीजघर पाठीवर घेऊन धावणारी विजेचीच गाडी.

२६ मे १९३४ रोजी साऱ्या अमेरिकेचे लक्ष या नव्या यंत्राकडे गेले. बर्लिंग्टन रेल्वेची 'झेफिर' ही चकचकीत पोलादी गाडी पहाटे डेन्व्हरहून निघाली आणि संध्याकाळी शिकागोला पोहोचली. १,०१५ मैलांचे अंतर तिने १३ तास ५ मिनिटांत, वाटेत कुठेही न थांबता कापले. गाडीत एक गाढवाचे पिल्लूही होते. मुलांना ही गोष्ट सांगितली की गाडीचा वेग विसरतात, गाढव लक्षात ठेवतात.

पण प्रवासी गाडी पळवणे वेगळे आणि मालगाडी ओढणे वेगळे. मालगाडी ओढावी ती वाफेच्याच इंजिनाने, असे जुने जाणकार म्हणत. जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने १९३९ च्या अखेरीस १०३ क्रमांकाचे एक इंजिन रुळांवर आणले. एकमेकांना जोडलेले चार भाग, मिळून ५,४०० अश्वशक्ती आणि चालवायला चालक एकच. अकरा महिन्यांत ते २० रेल्वे कंपन्यांच्या मार्गांवर ८३,००० मैलांहून अधिक धावले. वाफेच्या इंजिनाला तापायला तास लागत, वाटेत पुन्हा पुन्हा पाणी लागे, राख काढावी लागे, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवावा लागे. यातले काहीच इथे नव्हते. सांता फे कंपनीचा मार्ग ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून जाई आणि तिथे इंजिनांसाठी पाणीही गाडीनेच न्यावे लागे. या जातीची सर्वांत जास्त इंजिने त्याच कंपनीने घेतली, यात नवल नाही.

स्केनेक्टडीत मात्र दोन्ही जमाने एकाच छपराखाली नांदत होते. १९४१ मध्ये आल्कोने 'बिग बॉय' बनवले. वाफेच्या इंजिनांतला हा पहिलवान. अशी एकूण २५ झाली. आणि त्याच साली त्याच कारखान्यातून आरएस-१ हे डिझेल निघाले. रस्त्यावर गाडी ओढा नाहीतर यार्डात डबे हलवा, दोन्ही कामे करणारे. महायुद्ध पेटल्यावर यातली पहिली १३ इंजिने अमेरिकी सैन्याने ताब्यात घेतली आणि बदल करून इराणच्या रेल्वेवर पाठवली. तिथून रशियाला युद्धाची रसद जात होती.

युद्धानंतर आल्कोने २४४ जातीचे इंजिन घाईने बाजारात आणले. त्यात दोष निघाले, गिऱ्हाइकांचा भरवसा उडाला. नंतर आलेले २५१ जातीचे इंजिन दणकट होते, पण तोवर जनरल मोटर्स फार पुढे गेली होती. १९६९ मध्ये आल्कोने इंजिने बांधणे बंद केले. गाव तेच, कारागीर तेच, पण एक घाई महागात पडली.

तेच २५१ मात्र आपल्याकडे जगले. १९६२ मध्ये २,६०० अश्वशक्तीची आल्कोची इंजिने भारतात आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बनू लागली. डब्ल्यूडीएम-२ या नावाने ती महाराष्ट्रातल्या रुळांवर अनेक दशके धावली. सुटताना काळ्या धुराचा लोट सोडणारे, आवाजाने खिडक्यांच्या काचा थरथरवणारे ते इंजिन आमच्या पिढीतल्या अनेकांनी पाहिले असेल. अमेरिकेतले शौकीन आल्कोच्या डिझेलांना त्या धुरामुळे गमतीने 'मानद वाफेचे इंजिन' म्हणत. अब्बा सांगायचे, चालकाने हँडल पुढे केले की इंधन लगेच वाढते, पण टर्बोला वेग पकडायला वेळ लागतो. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि धूर निघतो. "बेटा, भूक आधी आणि श्वास नंतर, मग खोकला येणारच," असे ते म्हणत.

ही झाली यंत्राची कहाणी. माणसांचे काय झाले?

वाफेच्या इंजिनावर चालकाच्या जोडीला फायरमन असे. कोळसा टाकणे, पाणी सांभाळणे हे त्याचे काम. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हे काम मोठ्या प्रमाणावर काळ्या लोकांकडे होते, कारण ते तापलेले, काजळीने माखलेले, कंबर मोडणारे काम होते. चालकाची जागा त्यांना मिळत नसे. पुढे यांत्रिक स्टोकर आले, डिझेल आले, काम हलके आणि स्वच्छ होऊ लागले. मंदीने नोकऱ्याही घटल्या. तेव्हा तीच जागा गोऱ्या कामगारांना हवीशी वाटू लागली. फायरमनांच्या युनियनमध्ये काळ्यांना सभासद होता येत नसे, पण कायद्याने तीच युनियन सर्व फायरमनांच्या वतीने करार करी. १९४१ च्या फेब्रुवारीत तिने दक्षिणेतल्या रेल्वे कंपन्यांशी करार केला : काळ्या फायरमनांचे प्रमाण निम्म्याच्या वर जाता कामा नये आणि तोवर रिकाम्या जागा गोऱ्यांनाच द्याव्यात.

अलाबामात बेस्टर विल्यम स्टील नावाचे फायरमन १९१० पासून लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेत काम करत होते. त्यांची चांगली जागा काढून त्यांच्याहून कमी सेवा झालेल्या गोऱ्यांना दिली गेली आणि त्यांना अधिक कष्टाच्या, कमी पगाराच्या कामावर टाकले. स्टील कोर्टात गेले. त्यांची बाजू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या काळ्या वकिलाने मांडली. १८ डिसेंबर १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जी युनियन सर्वांच्या नावाने करार करते, तिने सर्वांशी इन्साफाने वागले पाहिजे. युनियनचे दार मात्र त्या निकालाने उघडले नाही. कोर्टाने सभासदत्वाचा हुकूम केला नव्हता.

दुसरी गोष्ट त्यानंतरची. डिझेलमध्ये कोळसा टाकायचाच नसतो, तरी १९३७ च्या कराराने मोठ्या डिझेल इंजिनांवर फायरमन ठेवावा असे ठरले होते. कंपन्या म्हणू लागल्या, हा फुकटचा पगार आहे. युनियन म्हणे, दोन डोळ्यांपेक्षा चार डोळे बरे. भांडण वर्षानुवर्षे चालले. अखेर १९६३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने लवाद नेमायला लावला आणि मालगाड्या व यार्डांतल्या ९० टक्के फायरमनच्या जागा काढता येतील असा निवाडा झाला. मात्र ज्यांची सेवा दहा वर्षांहून जास्त, त्यांची नोकरी शाबूत राहिली. नुकतेच लागलेल्यांना पैसे देऊन घरी पाठवले.

हे वाचताना आम्हाला आमचेच क्वार्टर आठवले. अब्बा आधी वाफेच्या शेडमध्ये खलाशी होते. वाफ गेली तेव्हा रेल्वेने त्यांना ट्रेनिंगला पाठवले, ही वही दिली आणि ते फिटर झाले. त्याच शेडमध्ये शेजारच्या गल्लीतले एक चाचा कोळसा चढवायचे, राख काढायचे. अब्बांपेक्षा जास्त वर्षे केलेले काम, पण ठेकेदाराकडचे. शेड बंद झाली त्या दिवशी त्यांना कुणी काही सांगितलेसुद्धा नाही. पुढे ते बाजारात हमाली करू लागले. ईदच्या दिवशी अम्मी शीरखुर्म्याचे पहिले भांडे त्यांच्या घरी पाठवायची. आम्ही एकदा अब्बांना विचारले, चाचांना डिझेल शिकता आले नसते का? अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्यापेक्षा लवकर शिकले असते. माझे नाव रजिस्टरमध्ये होते, त्यांचे नव्हते."

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात त्या मुलाला हे सगळे सांगितले. शिकलास तर नोकरी जाणारच नाही, असे खोटे आश्वासन दिले नाही. स्टील यांना काम येत होते, चाचांनाही येत होते. एवढेच सांगितले, की मशीन कुणाला घालवायचे हे ठरवत नाही, ते माणसे ठरवतात. म्हणून हुनर शिकायचे आणि आपले नाव कुठल्या रजिस्टरमध्ये आहे, करारात काय लिहिले आहे, हेही वाचायला शिकायचे. चार्ल्स ह्यूस्टन यांनी इंजिन चालवले नव्हते, ते कायदा शिकले होते. मुलगा लगेच म्हणाला, "मग सर, वडिलांच्या मालकाने काहीच लिहून दिलेले नाही." वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. शनिवारी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावले आहे. कामगार म्हणून नोंदणी कशी करायची ते आम्ही आधी स्वतः विचारून येणार आहोत.

इकडे आमचा भाचा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे. त्याला उर्दू वाचता येत नाही. त्याच्यासाठी आम्ही अब्बांची वही रोज एक पान देवनागरीत उतरवत आहोत. डिझेलचे दिवस आता सरत चालले आहेत, टर्बोची पाने त्याच्या कामी येणार नाहीत. पण सहा मोटारींचे ते चित्र पाहून तो म्हणाला, "मामू, हे तर आमच्याही पुस्तकात आहे." काल आम्ही बाविसाव्या पानापर्यंत पोहोचलो.