दोन मिनिटांचे उड्डाण

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे, अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र यांच्या संगमावर ऑर्कनी हा सुमारे ७० बेटांचा समूह आहे. त्यांपैकी जेमतेम २० बेटांवर मनुष्यवस्ती आढळते. या समूहाच्या उत्तरेस असलेल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांवरील विमानतळांमधील अंतर अवघे २.७ किलोमीटर आहे. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीही याहून लांब आहे. तरीही १९६७ पासून लोगनएअर ही कंपनी येथे नियमित विमानसेवा चालवीत आली आहे. जगातील सर्वांत कमी अंतराचे नियमित उड्डाण म्हणून ते प्रसिद्ध आहे.

वेळापत्रकात या प्रवासास सुमारे दोन मिनिटे दिलेली असतात. वारा अनुकूल असल्यास एका मिनिटाच्या आसपासच विमान पलीकडे पोहोचते. विक्रम ५३ सेकंदांचा आहे. आयलंडर जातीच्या या चिमुकल्या विमानात आठच प्रवासी मावतात आणि एखाद्यास वैमानिकाशेजारीही बसावयास मिळते.

व्यापारी मनास येथे प्रश्न पडणे स्वाभाविक आहे: हा व्यवहार परवडतो कसा? विमानाचा खर्च केवळ किलोमीटरवर ठरत नाही. आकाशात चढताना इंधन अधिक लागते आणि प्रत्येक उड्डाण-अवतरणागणिक इंजिन व चाके झिजतात. त्यामुळे उड्डाण जितके लहान, तितका दर किलोमीटरचा खर्च अधिक. केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर ही सेवा चालणे कठीण; म्हणून ऑर्कनीची स्थानिक परिषद तिला अर्थसाहाय्य देते.

मग दोन बेटांमधील लहान बोट पुरेशी नाही काय? शेजारच्या बेटावर जाण्यापुरती ती पुरेशी आहे. परंतु रुग्णालय, मोठी बाजारपेठ आणि सरकारी कचेऱ्या कर्कवॉल या मुख्य शहरात आहेत. ते पापा वेस्ट्रेपासून ४० किलोमीटरहून अधिक दूर आहे. समुद्रमार्गे वेस्ट्रेहून तेथे जाण्यासच तासापेक्षा अधिक वेळ लागतो. विमान मात्र काही मिनिटांत पोहोचते. दोन मिनिटांचे उड्डाण हा या हवाई मार्गाचाच एक टप्पा आहे. फिरते शिक्षक, डॉक्टर आणि तपासणीसाठी निघालेले रुग्ण त्याच विमानाने ये-जा करतात. येथे २.७ किलोमीटरचा हिशेब मांडून भागत नाही. वाचलेला संपूर्ण दिवस जमेच्या बाजूस धरावा लागतो.

हा हिशेब किती गंभीर असू शकतो, हे स्कॉटलंडच्याच पश्चिमेकडील सेंट किल्डा बेटाने दाखविले आहे. आजारपण, एकाकीपण आणि तरुणांचे स्थलांतर यांना कंटाळून तेथील उरलेल्या ३६ रहिवाशांनी १९३० साली स्वतःच विनंती करून पूर्वजांची भूमी कायमची सोडली. पुढे तेथे गाव पुन्हा वसले नाही.

पापा वेस्ट्रेवर पाच हजार वर्षांहून जुने दगडी घर आजही उभे आहे. बेटावर सुमारे ९० माणसे राहतात, शाळा भरते आणि रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर चालविलेले दुकान उघडते. धुके अथवा वादळी वारा असेल तेव्हा विमान येत नाही. एरवी खडी आणि गवताच्या धावपट्टीवर ते उतरते, चार माणसे खाली येतात, दोन चढतात आणि काही क्षणांत ते पुन्हा आकाशात झेपावते.