जुनी मोटार : सुख की शाश्वती?

एकत्र कुटुंबात मोटार घेण्याचा विचार निघाला, की प्रत्येकाचे मागणे निराळे. आजींस ऐसपैस बैठक हवी, मुलांस गार वारा, आणि कर्त्या पुरुषास किमतीची चिंता. गाडी जुनी असल्यास हा पेच अधिकच अवघड.

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले. मलकापूरला जावयाचे तर राजूर घाट, खामगावला जावयाचे तर बोथा घाट. मेहकरजवळून २०२२ साली खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गास लागावे, तर तापलेल्या काँक्रीटवर जीर्ण टायर दगा देण्याचे भय. अशा मुलखात गादीचा मऊपणा पहिल्याच दिवशी जाणवतो. ब्रेकचा भरवसा मात्र रात्रीच्या उतारावर कळतो.

तथापि सुखसोय म्हणजे निव्वळ चैन, असे आम्ही म्हणणार नाही. गुडघे धरलेल्या वृद्धेस गाडीत चढवेना, तर ती घरीच राहील. मग गाडी कोणासाठी?

राहिली हमी. बहुतेक हमीपत्रांतून ब्रेकचे पॅड, क्लच, टायर ही झिजणारी अंगे वगळलेली असतात. आणि घाटात तीच आधी झिजतात. म्हणून हमीपत्राआधी दुरुस्तीची कागदपत्रे वाचावीत, विश्वासू मिस्त्रीस सोबत घेऊन गाडी घाटात चढवून-उतरवून पाहावी. मालकी बदलल्यावर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा.

तात्पर्य, इंजिन व ब्रेक यांत तडजोड नको. त्यानंतर आजींची बैठक पाहावी. चकाकीवर मात्र खुशाल पाणी सोडावे.